दुसरा आणि चौथा शनिवार

ज्यांच्या घरात लहान पोरी असतात, त्यांच्याकडं किस्से कधी साठत नाहीत. पोरगी सकाळी काहीतरी बोलते, दुपारी ते बायकोला सांगून होतं, संध्याकाळी शेजाऱ्याला, आणि दुसऱ्या दिवशी नवा किस्सा हजर! रोजच्या भाजीसारखं. आणली, केली, संपली.

माझ्याकडं मात्र साठतात. कारण माझ्या पोरी माझ्याकडं येतात महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. त्या दीड दिवसात जे घडतं, ते ऐकायला मागं घरात कोणी उरत नाही. भिंतीला सांगून पाहिलं. भिंत हसत नाही. म्हणून हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या टपरीवर आमचे चार-पाच जण जमतात, त्यांना सांगत सुटतो. ते हसतात, मला बरं वाटतं, मग सगळे आपापल्या घरी जातात.

आधी ओळख करून देतो. मी अमरावतीला एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. मोठी मुलगी यशोधरा, म्हणजे यशू, आठ वर्षांची. शहाणी, कमी बोलणारी. धाकटी संघमित्रा, म्हणजे मितू, साडेचार वर्षांची. तिच्याबद्दल मी काही सांगायची गरज नाही, तीच बोलेल. दोघी अकोल्याला त्यांच्या आईजवळ राहतात. आई तिथं शाळेत शिक्षिका आहे. आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी वेगळे झालो. भांडणं सगळी आधीच संपली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात तर आम्ही एकमेकांना ‘जेवले का?’ म्हणून विचारत होतो. वकीलसाहेब म्हणाले, “अहो, इतकं चांगलं बोलून राहिले, तर वेगळे कावून होता?”



०००

यशूचा आठवा वाढदिवस आला बुधवारी. बुधवार म्हणजे अकोल्याचा. माझा शनिवार त्यानंतर दहा दिवसांनी.

मी बेकरीत गेलो. केकवाल्यानं कोन हातात घेतला. “नाव काय लिवू?”

“यशू.”

“बड्डे आजच नं?”

“नाही, झाला. मागच्या बुधवारी.”

“मंग हा केक कायचा?”

“त्याच बड्डेचा.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं, केककडं पाहिलं. “बिलेटेड लिवू का?”

“नको. हॅपीच लिहा.”

घरी टेबलावर चादर टाकली, फुगे लावले, आठच्या आकड्याची मेणबत्ती लावली. आम्ही तिघंच होतो, पण गाणं असं म्हटलं की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन केक खाऊन गेल्या. मितू मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती.

“पप्पा, ताई अकोल्याले केक कापून आठ वर्षांची झाली नं?”

“हाव.”

“आज इथं पुन्हा कापला. म्हणजे आता नऊ!”

“नाही गं. वाढदिवस एकच असतो.”

“मंग केक दोन कावून?”

मी विषय बदलला. आमच्या दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलनं दोघींच्या उंचीच्या रेघा ओढतो. यशूला उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली, रेघ ओढली. मागच्या रेघेपेक्षा चांगली वर गेली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, केवढी वाढली!”

मितूनं टाळी वाजवली. “मी म्हटलं होतं नं! पप्पाकडं आली की ताई लगेच मोठी होते!”

टपरीवर सगळे खदाखदा हसले. मीही हसलो.

०००

आता वेणीचं सांगतो.

यशूचे केस लांब. रविवारी संध्याकाळी तिला नीट विंचरून पाठवायचं ही माझी इज्जत. पहिले काही महिने मी नुसता रबर लावून पाठवत होतो. एकदा तिला विचारलं, “आई काही म्हणते का केसांबद्दल?”

“नाही पप्पा, काहीच म्हणत नाही,” यशू म्हणाली. “फक्त दार उघडल्याबरोबर कंगवा घेते.”

मी सोमवारी वानखडे सिस्टरला गाठलं. आमच्या हॉस्पिटलातल्या सर्वांत जुन्या सिस्टर. त्यांच्यासमोर मोठे डॉक्टरसुद्धा हळू बोलतात. त्यांना म्हटलं, “सिस्टर, वेणी शिकवा.”

“कोणाची?”

“पोरीची. दोन घालायच्या असतात.”

सिस्टरनं बँडेजचा रोल काढला, तीन लांब पट्ट्या कापल्या, एक्स-रे रूमबाहेरच्या खिडकीच्या गजाला गाठ मारून बांधल्या. “हे उजवं, हे डावं, हे मधलं. उजवं मधात आणा. आता डावं मधात. ओढा. घट्ट! अहो, एवढं नाही, पोट्टीचे केस आहेत, पतंगीचा मांजा नाही!”

मी खिडकीला वेणी घालत बसलो. सिस्टर बाजूला उभ्या राहून चुका काढत होत्या. बाकावर एक शेतकरी हात गळ्यात अडकवून एक्स-रेसाठी थांबला होता. बराच वेळ त्यानं पाहिलं. मग हळूच विचारलं, “बाई, हे कोणाचं फ्रॅक्चर व्हय?”

सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, “खिडकीचं! तिच्यानंतर तुमचाच नंबर.”

आठवडाभर खिडकीवर सराव केला. पुढच्या खेपेला रविवारी यशूला समोर बसवलं. अर्धा तास लागला. एक वेणी कानावरून निघाली, दुसरी मानेतून. तिनं आरशात स्वतःला या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. माझा जीव टांगणीला! एक्स-रे पाहताना डॉक्टर गप्प राहिले की पेशंटला काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

“छान झाली,” यशू म्हणाली. “आईनं विचारलं तर सांगू, मी बसच्या खिडकीत बसली होती.”

०००

बसवरून आठवलं.

अमरावती ते अकोला हा रस्ता आता मला पाठ आहे. महिन्यातून दोन शनिवार, दोन रविवार. शनिवारी एकट्यानं जायचं, तिघांनी यायचं. रविवारी तिघांनी जायचं, एकट्यानं यायचं. मधात मूर्तिजापूर लागतं. तिथं बस पाच मिनिटं थांबते, आम्ही खिडकीतून भजी घेतो.

एकदा रविवारी बडनेऱ्याला एक म्हातारी आजी चढली आणि आमच्याच बाकावर टेकली. मांडीवर सीताफळांची पिशवी. तिनं मितूच्या हनुवटीला हात लावला.

“कोनत्या गावची व माय तू?”

“मूर्तिजापूरची!” मितू ठणकावून म्हणाली.

मी दचकलो. मूर्तिजापूरला आमचं कोणी नाही. पाहुणा नाही, सोयरा नाही.

“मूर्तिजापूरले कोनाची?” आजीनं चौकशी पुढं नेली.

मितूनं जरा विचार केला. “आमचीच!”

यशूनं तिला कोपरानं ढोसलं. “मितू, खोटं कावून बोलते?”

“खोटं नाही!” मितू चिडली. “आई अकोल्याची. पप्पा अमरावतीचे. मंग आपण मधातले. मूर्तिजापूरचे!”

आजीला यातलं अर्धं ऐकू आलं नसावं. कारण मूर्तिजापूरचं स्टँड आलं तशी ती उठून उभीच राहिली. “चला, उतरा, तुमचं गाव आलं! ओ कंडक्टर, थांब रे बाप्पा, लेकरं उतरायची हायेत!” पाय मोकळे करायला निघालेल्या लोकांना तिनं हातानं बाजूला सारलं. कंडक्टरही ओरडला, “मूर्तिजापूरवाले, चला लवकर!” सगळी बस आमच्याकडं पाहायला लागली.

मी म्हणत होतो, “नाही हो आजी, आम्हाला अकोल्याला जायचं आहे.”

तेवढ्यात मितूनं माझी बाही ओढली आणि कानात म्हणाली, “पप्पा, उतरू या का? आईले बी इथंच बोलवू.”

बस पाच मिनिटं थांबली. मग निघाली.

०००

एकदा कसल्यातरी सर्व्हेवाली मुलगी घरी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. दारातच तिनं सुरू केलं, “काका, घरात माणसं किती?”

मी म्हटलं, “कधी?”

“कधी म्हणजे?”

“म्हणजे शनिवारी की इतर वेळी?”

तिनं टॅबवर वर-खाली बोट फिरवून पाहिलं. बिचारी मनापासून शोधत होती. “काका, तसा कॉलमच नाही हो!”

“मग तीन लिहा.”

तिनं माझ्या मागं आत डोकावून पाहिलं. घर चिडीचूप. “बाकीचे दोघं कुठं आहेत?”

“यायचे आहेत,” मी म्हटलं.

त्या दिवशी सोमवार होता.

०००

मितूच्या शाळेचं गॅदरिंग अकोल्याला होतं. बालवाडीच्या पोरांचा फळांचा नाच. मितूला संत्रं केलं होतं. तिच्या आईनं मला मोबाईलवर निमंत्रणाचा फोटो पाठवला, खाली एकच ओळ, ‘यायचं असेल तर या.’ मी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो.

हॉल भरलेला. मुलींची आई डावीकडं बसली होती. मी उजवीकडं, भिंतीच्या पंख्याखाली. मला तिकडं बस असं कोणी म्हटलं नव्हतं. मीच जाऊन बसलो.

पडदा उघडला. केळं, पेरू, सीताफळ, टरबूज आणि सगळ्यांत पुढं आमचं संत्रं! स्पंजचा भलामोठा गोल, त्यातून खाली काडीसारखे दोन पाय, वर डोक्यावर हिरवं पान. मितूला नाच सगळ्यांत चांगला येत होता, म्हणून मॅडमनी बाकीच्यांना सांगून ठेवलं होतं, ‘विसरलं तर मितूकडं पाहा.’

गाणं सुरू झालं. पहिल्याच गिरकीला मितूला डावीकडं आई दिसली. तिनं हात हलवला. दुसऱ्या गिरकीला उजवीकडं मी दिसलो. तिनं इकडं हात हलवला. मग तिला वाटलं असावं, आईकडं कमी झालं. पुन्हा डावीकडं. मग पुन्हा माझ्याकडं. नाच राहिला बाजूला, संत्रं आपलं एकदा तिकडं, एकदा इकडं!

मागच्या फळांनी संत्र्याकडं पाहिलं. केळ्यानं हात हलवला, पेरूनं हलवला, टरबूज हलवता हलवता पडलं आणि बसूनच हलवायला लागलं. पब्लिकला वाटलं ही स्टेपच आहे! सगळा हॉल हात हलवायला लागला, डावीकडं, उजवीकडं. मॅडम विंगेत कपाळाला हात लावून उभ्या. मी पण हात हलवला. तिकडं मुलींची आई हसत हसत डोळे पुसत होती.

नाच संपल्यावर बाहेर फोटोवाला उभा होता. मितू स्पंजसकट धावत आली. “माझा फोटो! दोघांसोबत!”

आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे राहिलो. पण संत्रं इतकं रुंद, की आमच्यात एक बैलगाडी जाईल एवढं अंतर! फोटोवाला कॅमेऱ्यातून ओरडला, “मॅडम, सर, जवळ या! अजून जवळ! फ्रेममध्ये बसून नाही राहिले तुमी!”

आम्ही जरा सरकलो. स्पंज दबला आणि पुन्हा फुगला.

“अजून जवळ!”

“नाई येत काका ते!” मितू आतून ओरडली. “मधात मी आहे नं!”

०००

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता फोन असतो. आधी यशू बोलते, शाळेत काय झालं ते बातम्यांसारखं सांगते. मग मितू फोन हिसकावते.

एकदा त्याआधीच्या रविवारी आम्ही घरी एक्स-रे एक्स-रे खेळलो होतो. मितूनं माझा जुना पांढरा कोट घातला होता, तो जमिनीवर लोळत होता. मी पेशंट. कपाटाचं दार म्हणजे मशीन. मी कपाटाला छाती टेकवून, कमरेवर हात ठेवून उभा.

“नाव काय?”

“पप्पा.”

“कुठी दुखते?”

“छातीत.”

“हलू नका! श्वास घ्या!” मी घेतला. “रोखा!” मी रोखला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून यशूनं आवाज दिला, मक्याच्या लाह्या फुटायला लागल्या होत्या. मितू कोट सावरत पळाली. लाह्या खाता खाता बसची वेळ झाली, वेण्या झाल्या, बॅगा भरल्या, आणि खेळ तसाच राहिला.

मंगळवारी फोन आला. यशूच्या बातम्या संपल्या. मितू म्हणाली, “पप्पा, तुमी बोलून राहिले?”

“हाव. कावून?”

“मंग श्वास सोडला का?”

“कोणता श्वास?”

“मी रोखा म्हटलं होतं नं! सोडा म्हणायची विसरलीच!”

मी म्हटलं, “नाही गं, मी तर अजून रोखूनच आहे.”

“बाप्पा!” मितू किंचाळली. “रविवारपासून? सोडा पप्पा, सोडा, लवकर सोडा!”

मी फोनजवळ तोंड नेऊन तिला ऐकू जाईल असा सोडला.

तिकडून सुटकेचा आवाज आला. मग ती एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, “हं, झालं. कपडे घाला अन् बाहेर बसा. रिपोर्ट उद्या!”

०००

तिसरा शनिवार सगळ्यांत वाईट. पहिल्या शनिवारी निदान पुढच्या आठवड्याची तयारी असते. पाचवा असला तर तो हिशेबातच नसतो. तिसऱ्याला काही करायचं नसतं.

अशाच एका तिसऱ्या शनिवारी मी ड्युटी संपवून चालत निघालो आणि पायांच्या सवयीनं आमच्या भागातल्या बागेत जाऊन पोचलो. तिथं लहान मुलांची आगगाडी आहे. चार डबे, पुढं हत्तीच्या तोंडाचं इंजिन. ती चालवणारे एक काका आहेत, ते माझ्या पोरींना नावानं ओळखतात.

“आज एकटेच?” काका म्हणाले.

“हाव.”

“पोट्ट्या?”

“पुढच्या शनिवारी.”

काकांनी मान हलवली. गर्दी नव्हती. पुढच्या डब्यात दोन पोरं आणि त्यांची आई, मागचे डबे रिकामे. “बसा मंग,” काका म्हणाले. “गाडी तशीही रिकामीच चालली.”

मी नाही म्हणणार होतो. बसलो! गुडघे हनुवटीला लागले. गाडीनं शिट्टी मारली आणि निघाली. कारंज्याला वळसा, बोगद्यातून बाहेर, झोपाळ्यांच्या बाजूनं. बोगद्यात आमच्या दोघी नेहमी ओरडतात. मी तोंड मिटून बसलो. पुढच्या डब्यातलं पोरगं मागं वळून माझ्याकडं टक लावून पाहत होतं. शेवटी त्यानं आईला विचारलं, “मम्मी, ते काका हरवले का?”

“गप बस,” आई म्हणाली, आणि मला ऐकू गेलं का ते पाहिलं.

फेरी संपली. मी गुडघे सोडवून उतरायला लागलो, तर काकांनी हात धरून मला पुन्हा खाली बसवलं.

“बसा, बसा! तुमच्या पोट्ट्या नेहमी दोन राउंड घेतात.”

०००

शेवटचा सायकलीचा. हा मी टपरीवर अजून सांगितलेला नाही.

यशूचा पहिला दात अकोल्याला पडला. मितू शाळेत पहिल्यांदा गेली, रडली, मग रडायची थांबली, ते अकोल्याला. तिनं स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं तेही तिकडंच. मला सगळं मंगळवारी कळतं. तक्रार नाही, पण एकदा मी मुलींच्या आईला फोन केला.

“एक सांगायचं होतं,” मी म्हटलं. “यशूले सायकल मी शिकवतो. तेवढं माझ्यासाठी ठेव.”

ती म्हणाली, “ठीक आहे. ठेवते.”

मी लाल सायकल आणली. पहिल्या खेपेला कॉलनीच्या मैदानात यशू चार वेळा पडली. दोन्ही गुडघे फुटले. मी सीट धरून पळत होतो, पण मी दमलो की सायकल डुलायची आणि ती घाबरून पाय टेकायची. दुसऱ्या खेपेला तर तिनं बसायलाच नकार दिला. म्हणाली, “मले नाही येणार पप्पा.” मी म्हटलं, “येईल. आपण हळूहळू शिकू.”

मग मधात खाडा पडला. एका शनिवारी तिची परीक्षा, पुढच्या खेपेला आमच्या दुसऱ्या टेक्निशियनचं लग्न, त्यामुळे मला डबल ड्युटी. सायकल दीड महिना जिन्याखाली उभी. मी रोज येता-जाता तिच्यावरची धूळ पुसायचो.

परवाच्या दुसऱ्या शनिवारी दोघी आल्या. बसमध्ये मला यशूच्या कोपरावर वाळत आलेली खपली दिसली.

“हे कायनं लागलं?”

“शाळेत पडली,” यशू खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

घरी आल्यावर तिनंच म्हटलं, “पप्पा, सायकल काढू या.”

मैदानात गेलो. ती बसली. मी सीट धरली. “पप्पा, सोडू नका हं!”

“नाही सोडत.”

पळायला लागलो. एक फेरी झाली. मला धाप लागली, पण या वेळी सायकल डुलली नाही. “सोडू नका हं पप्पा!”

“धरलं आहे, तू समोर पाहा!” मी म्हटलं, आणि सोडून दिलं.

गेली! सरळ गेली! मैदानाच्या त्या टोकाला कडुलिंब आहे, तिथून वळली. मधात कॉलनीचं काळं कुत्रं आडवं आलं. तिनं घंटी वाजवली, त्याला वळसा घातला. केस डोळ्यांवर आले, ते एका हातानं मागं सारले. आणि बरोबर माझ्यापुढं येऊन ब्रेक दाबला, एक पाय टेकला.

“पप्पा, तुमी सोडलं होतं?”

“केव्हाच!”

“मले तर कळलंच नाही!”

मी तिला सायकलीवरून उचलून गरागरा फिरवलं. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढे आणले आणि सगळ्या कॉलनीत वाटले. खालच्या काकूंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, वानखडे सिस्टरला फोन करून सांगितलं. “पडली नाही हो सिस्टर! एकदाही पडली नाही!” मितूनं तीन पेढे खाल्ले आणि ती दिवसभर ताईकडं पाहून हसत होती.

रविवारी संध्याकाळी अकोल्याच्या स्टँडवर उतरलो. एरवी पोरींना न्यायला त्यांचा मामा येतो. त्या दिवशी आई स्वतः आली होती. मी बॅग खाली ठेवायच्या आतच तिनं विचारलं, “शिकली?”

“शिकली!” मी म्हटलं. “एका दिवसात! कुत्र्याले वळसा घालून गेली! एका हातानं चालवते! मी इकडं सोडलं अन् ती तिकडं...”

तिनं यशूकडं पाहिलं. यशूनं आपल्या चपलेच्या पट्ट्याकडं पाहिलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तुमीच शिकवायले पाहिजे होतं.”

मितूनं माझा हात सोडला, दोघींच्या मधात जाऊन उभी राहिली आणि तोंड उघडलं. “पण आई, ताई तर आपल्या गल्लीत...”

तिच्या आईनं पर्समधून बाटली काढली, बूच फिरवलं आणि सरळ तिच्या तोंडाला लावली.

“तू पाणी पी!”